पिवळ्या रेषेबाहेर

“काका, हार तुम्हीच घाला. नाहीतर रुसेल मशीन!” लॅबचे प्रमुख यज्ञेश साहेब म्हणाले आणि सगळे हसले.

खंडेनवमी होती. मुलुंडच्या त्या औषध कंपनीत, प्रचंड चुंबकाने औषधांचे नमुने तपासणारं नवं एनएमआर मशीन बसून आठवडा झाला होता. शिवदास परब झेंडूचा हार घेऊन पुढे झाले आणि जमिनीवरच्या पिवळ्या रेषेपाशी थबकले. मशीन तिथून हातभर लांब होतं. रेषेच्या आत चुंबकाचं राज्य.

जुन्या मशीनचं राज्य खोलीभर असायचं. शिवदासांनी ऐन उमेदीची वर्षं त्याचं चुंबक थंड राहावं म्हणून त्याला नायट्रोजन आणि हेलियम पाजण्यात घालवली. पोटच्या पोराचं कोणी इतकं करत नाही. श्रावणात त्यांच्या छातीत पेसमेकर बसला आणि डॉक्टरांनी बजावलं, चुंबकाजवळ फिरकायचं नाही. ही गोष्ट त्यांनी फक्त यज्ञेश साहेबांच्या कानावर घातली.

“एचआरला बोलू नका, लगेच घरी बसवतील,” साहेब तेव्हा म्हणाले होते. “नवीन मशीन येतंय ना! त्याचं चुंबक त्याच्यापुरतंच. तोवर खोलीबाहेर बसा, पोरांना शिकवा. मी आहे ना!”

जुन्या मशीनची खोड न् खोड शिवदासांना ठाऊक. साहेबांना तोवर ते हवेच होते. कामापुरता मामा!

नवं मशीन आलं. ज्या क्षीण सिग्नलसाठी जुनं रात्रभर राबायचं, तो हे चहा होईतो पकडायचं. नमुन्याच्या नळ्या स्वतःच उचलायचं, उडालेला हेलियमही स्वतःच थंड करून परत प्यायचं. आता आपलं इथे काय काम, हे शिवदासांना पहिल्या दिवशीच दिसलं होतं. पण साहेबांचा शब्द होता. त्यांच्या बायकोने, जानकीने तर नोकरी टिकली म्हणून सकाळीच घरच्या देवापुढे नवसाचा नारळ फोडला. “रवळनाथान ऐकल्यान,” डब्यात खोबरं-साखर भरत ती म्हणाली होती. “सगळ्यांका परसाद द्या हां.”

“घाला ना हार, काका!” एचआरच्या मृणालिनी मॅडम मोबाइल धरून उभ्या होत्या. “फोटो काढायचाय.”

“मला आत नाही जाता येणार, मॅडम,” शिवदास म्हणाले. “पेसमेकर आहे.”

मोबाइल खाली आला. “कधीपासून?”

“श्रावणापासून. साहेबांना माहीत आहे.”

“मला?” यज्ञेश साहेब क्षणभरही अडखळले नाहीत. “काका, मला कुठे बोललात? आजारपणात गोंधळ होतो, मॅडम. बिचारे.”

सगळं ठाऊक असून साहेबांनी हार आपल्याच हाती का दिला, हे शिवदासांना आता कळलं. एवढ्या सहज खोटं बोलणाऱ्याशी भांडावं तरी कुठून?

“पेसमेकरवाला माणूस या खोलीत चालतच नाही. त्यात तुम्ही लपवलंत,” मॅडम म्हणाल्या. “उद्यापासून येऊ नका.”

यज्ञेश साहेबांनी हार त्यांच्या हातातून अलगद घेतला, रेषा ओलांडली आणि मशीनला घातला. टाळ्या झाल्या. टेबलावरचा डबा हातोहात फिरू लागला.

“झकास झालाय प्रसाद, काका!” मूठ भरत साहेब म्हणाले. “वहिनींना सांगा.”

शिवदास दारात उभे राहिले. सगळ्यांचं खाऊन होईपर्यंत त्यांनी वाट पाहिली.

“डबा तेवढा द्या,” ते म्हणाले. “रिकामा गेला की तिला बरं वाटेल.”