पायाळूचा पाय

मी पायाळू. आईच्या पोटातनं आदी पाय भाईर आलं, मग डोस्कं. आमच्या कळंब्याकडच्या गावात कुणाच्या कमरंत उसण भरली की त्यानं माझ्या, म्हंजे तानाबाईच्या, अंगणात येऊन पालथं पडायचं आन् मी डाव्या पायानं कमरंवर तीनदा हलकं मारायचं, अशी रीत. धातली आठ माणसं चार दिसांत हिंडाय लागायची. ती आपसूक बरी हुत्यात का माझ्या पायानं, हे मी कवा इचारलं न्हाय. मान मिळत हुता. घरात मला कुणी इचारत नव्हतं, पर दुखणं आलं की पाटीलसुदीक माझ्याम्होरं पालथा.

दुष्काळ सरून दुसरं साल हुतं. पौषात गुऱ्हाळं जोरात. आमच्या शेजारचा जोतीराम शाहूपुरीच्या पेठंला धाडायचं गुळाचं रवं, म्हंजे ढेपा, गाडीत चढवत हुता. एकेक रवा तीस किलोचा. हा गडी दोन दोन उचलायचा, बघणाऱ्यानं बघावं म्हणून. वाकून उचललं आन् तसाच कमरंत वळला. आत काटकी मोडल्यागत झालं म्हणाला आन् रव्यासंगट खाली बसला.

मी पाय लावला. सा-सात दिसांत उठला. जरा पडून ऱ्हायाचं, तर आठव्या दिशी परत गुऱ्हाळावर. पंधरवड्यानं पुन्ना आला, एका अंगाला वाकडा हून.

"तानाक्का, आता कमार न्हाय दुखत. खुब्यापास्नं पार अंगठ्यापतुर शीर वडतीया. खोकलं तरी इस्तवाचा चटका बसतोय."

"मग जरा जोरानं लागंल."

"लाव की. तुझ्या पायाला भितोय व्हय मी?"

त्या दिशी मी निस्ता पाय लावला न्हाय. भिताडाला धरून त्याच्या कमरंवर उभी ऱ्हायले आन् टाचंनं दाबलं. जोतीराम वरडला न्हाय. मातीत त्वांड खुपसून पडला. उठला तवा घामानं निथळत हुता.

दुसऱ्या दिशी पाणंदीत तो माझ्याम्होरं चालला हुता. उजव्या पायातली चप्पल मागं पडली आन् त्याला पत्त्या न्हाय. ढेकळातनं तसाच अनवाणी धा पावलं गेला. मी हाक मारली तवा वळला, पायाकडं बघिटलं आन् कसनुसा हसला.

"मुंग्या आल्यात गं पायाला."

हे माझ्या टाचंचं काम, हे मला तवाच कळलं. पर त्वांडानं काय म्हणाले? म्हणाले, "उतार पडतोय. दुखणं पायातनं भाईर निघतंय." धडधडीत खोटं. आपलं नाव जाऊ नये, येवढंच डोस्क्यात हुतं.

पुढं तीन दिस मी त्याच्या दाराकडं बघिटलं न्हाय. चौथ्या दिशी मी वड्यावर धुणं धूत हुते तवा त्याची बायकू चिमणाबाई माझ्या दगडाशेजारी येऊन बसली. आदी चौफेर बघिटलं, मग हळू बोलाय लागली.

"अक्का, कुणाला सांगू नगंस. ह्यास्नी लघवीच हुईना झालीया. आन् मग धोतरातच थेंब थेंब गळती, कळतबी न्हाय. धोतर मला धुवाय देत न्हाईत, गवतात दडवून ठेवत्यात. इचारलं तर अंगावर येत्यात."

माझ्या हातातलं लुगडं पाण्यात गेलं. ते धरायचंबी सुचलं न्हाय. म्हटलं, "चल, गाडी जुंपाय लाव."

शहरात मंगळवार पेठेत मीरासाब वस्ताद हुता, हाडं बसवणारा. तालमीतलं पैलवान त्याच्या हाताखालनं जायाचं. त्यानं जोतीरामला उताणा निजवला.

"पावणं, पायाचं अंगठं वर उचला."

डावा उचलला. उजवा तसाच. वस्तादानं केरसुणीची काडी घेतली, तळव्यावर वडली, मग मांडीला आतनं लावली. "कळतंय?"

"न्हाय."

"लघवी हुती का?"

जोतीराम भिताडाकडं बघाय लागला. चिमणाबाईनं त्वांडावर पदर वडला.

"लाज घरी ठिवून यायाची हुती," वस्ताद म्हणाला. "बोला."

"काल सकाळपास्नं न्हाय. बसायची जागाबी बधिर हाय."

वस्तादानं तेलाची वाटी बाजूला सारली. "ह्याला माझा हात लागणार न्हाय. दोन मणक्यांमधली गादी सरकून शिरंवर बसलीया. निस्ती कमार धरली तर इसावा, शेक, मग मी हलक्या हातानं बघतो. कळ पायात उतरली तर आदी डाक्तरला दावून या म्हणतो. पर पाय लुळा पडला आन् लघवी अडली की तिथं चोळणं न्हाय, दाबणं न्हाय. आत्ताच्या आत्ता मिरजंला मोठ्या दवाखान्यात न्ह्या. उद्या न्हाय." मग त्यानं इचारलं, "ह्याच्या कमरंवर कुणी पाय दिलाय?"

"न्हाय," जोतीराम म्हणाला. "कुणी न्हाय."

माझ्याकडं त्यानं बघिटलंबी न्हाय. मी बोलायचं हुतं. मी त्याला उठवाय लागले.

आगगाडीनं मिरजंला न्हेलं, त्याच दिशी आप्रेशन झालं. दीड म्हैन्यानं जोतीराम माघारी आला. लघवीचं सुदारलं. पाऊल मातूर उचलंना, फरफटत चालायचा, आन् रवा काय, घागर उचलायचीबी बंदी. त्याच्या अंगणात गाव गोळा झालं. गावातल्या आकारामनं इचारलं, "येळंवर कुणी रं न्हेलं तुला?"

"तानाक्कानं. ती नसती तर जल्माचा अंथरुणाला खिळलो असतो."

"पायच पुण्याचा हाय बाईचा," म्हणत आकारामची म्हातारी आई वाकली आन् तिनं माझ्या पायाला हात लावला.

मी पाय मागं वडला. "पाया पडू नगा. ह्याच पायानं त्याच्या कमरंवर उभी ऱ्हायलते. चप्पल निसटताना बघिटली, तरी उतार पडतोय म्हणाले. वस्तादानं इचारलं तवाबी बोलले न्हाय."

जोतीराम काठीनं माती उकरत म्हणाला, "मला ठावं हाय, अक्का. पाणंदीत तुझं त्वांड बघिटलंतं मी. पर मीबी धोतर दडवीत हुतोच की."

चिमणाबाई मातूर उठून घरात गेली. ती अजून माझ्याशी धड बोलत न्हाय, आन् तिनं का बोलावं?

आठ दिस माझ्या अंगणात कुणी फिरकलं न्हाय. मला बरंच वाटलं. नवव्या दिशी गुंडू सुतार कमरंवर हात ठिवून आला आन् सरळ पालथा पडला.

"जोतीरामचं सोड, त्याचं नशीब तसं. तू आपला पाय लाव."

मी पायरीवर बसले, पाय लुगड्याखाली वडून घेतलं.

"गुंडूभावजी, कळ पायात उतरतीया का? पायाला कळतंय न्हवं? आन् लघवी हुती का नीट?"

त्यानं मान वर केली. शेजारच्या बायका थांबून बघाय लागल्या.

"अगं, बाईमाणसानं असलं इचारत्यात व्हय?"

"इचारत्यात," मी म्हणाले. "सांगा."