आधी फाइल, मग लायब्ररी

काळाचौकीच्या आमच्या खोलीत नात जाई वैतागली होती. उद्या कॉलेजात रांगोळी काढणारा प्रोग्रॅम दाखवायचा होता, पण चित्रं काढणाऱ्या तयार कोडची लायब्ररी त्याला जोडली जात नव्हती.

"आजोबा, कमांडमध्ये तिचं नाव आहे, तरी दोन्ही जोडणारा लिंकर 'तिच्यातली फंक्शनं सापडली नाहीत' म्हणतो!"

"कमांड वाचतो कसा तो?"

"डावीकडून, एकदाच. मी आधी लायब्ररी लिहिलीय, मग माझी फाइल."

"संपाआधी मी गिरणीत बदली कामगार होतो. कोण गैरहजर हे कळण्याआधीच गेलो, तर माणसं कामाला लावणारा जॉबर फाटकावरून परत पाठवायचा. फाइलने मागण्याआधीच तुझी लायब्ररी उभी राहते, मग तिला कोण ठेवून घेणार?"

जाईने क्रम बदलला. पडद्यावर रांगोळी उमटली.

"एक ठिपका चुकलाय गं."

"आजोबा, तो मुद्दाम आहे, दृष्ट लागू नये म्हणून!"