सुरभीचं घासलेट

बापूजींनी उंबऱ्यात वहाणा काढल्या त्याच बोलत बोलत.

"नयनले आज चौकात धरलं अन् चांगला झापला! म्हटलं, लेका, तुह्यी बायको रोज दिवस बुडता वाटी घेऊन माह्या घरी घासलेटाले येते. कायचा घरधनी तू?"

वच्छलाबाई तूर पाखडत होत्या. सूप हातातच थांबलं.

"चौकात सांगतलं तुम्ही?"

"मंग! चार मानसांत बोललं तं लाज तरी वाटंल त्याले."

बापूजी वैतागले होते, आणि वैतागायला कारणही होतं. ते गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. उद्या तालुक्याहून साहेब लोक पाहणीला येणार, गावात तंटा नाही म्हणून बक्षीस मिळणार, त्यातून शाळेवर पत्रे चढणार. कापसाला भाव नाही, जो तो चिडलेला, तरी बापूजींनी बांधाबांधाची भांडणं घसा बसेपर्यंत ओरडून मिटवली. राहिलं होतं ते या नयनचं घर. तो मारायचा, त्याची बायको सुरभी समितीपुढे यायची. बापूजी नयनला कान धरायला लावायचे, बायकांकडून सुरभीची ओटी भरवायचे, दोघांना शेजारी उभं करून फोटो काढायचे आणि तिला त्याच्याच मागे घरी धाडायचे. जरा दिवस जात नाहीत तर पुन्हा तेच! मिटवायचं तरी किती माणसानं?

"ते घासलेट आपलं नाई," वच्छलाबाई म्हणाल्या.

"मंग कोनाचं?"

"तिचंच हाय. रेशनचं. मांगच्या भांडनात त्यानं अर्धा डबा तिच्या अंगावर ओतला. आगपेटी सापडली नाई म्हनून वाचली पोरगी. तवापासून डबा आपल्या मोरीत ठेवते अन् स्टोपुरतं वाटीभर नेते. त्याले म्हनते, डबा चोरीले गेला, शेजारून मांगून आनते."

"अन् मले काहून नाई सांगतलं?"

"तिनं सांगतलं नं समितीत. तुम्हीच म्हनले, साहेब येऊन जाऊ दे, मंग पाहू."

बापूजींनी टोपी काढली. तिच्या आत पाहिलं. पुन्हा घातली.

स्वयंपाकघराच्या दारात सुरभी उभी होती. हातात वाटी. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं वाटी जमिनीवर ठेवली.

तेवढ्यात बाहेरच्या ओट्यावरून हाक आली.

"बापूजी, हाय का घरी?"

नयन होता. प्यालेला नव्हता. भांग पाडून, शर्ट बदलून आला होता.

"तुमचं बोलनं पटलं मले," तो म्हणाला. "बायको रोज एकाच घरी मांगनारी नाई, मानी हाय. मंग ध्यानात आलं, आमचाच डबा तुमच्याकडं असंल. द्या, घेऊन जातो. अन् तिलेही पाठवा संगं."

गावात कुठंही दोन माणसं भांडली की बापूजींचं तोंड आधी सुरू व्हायचं. आज ते आधी दारात आडवे उभे राहिले.

"डबा नाई इथं."

"अन् सुरभी?"

"जेवून राह्यली."

"जेवू द्या नं. मले घाई नाई." नयन ओट्यावर मांडी घालून बसला. "बसतो इथंच."

बापूजींनी दार लोटलं. आतून कडी घातली. वच्छलाबाई सुरभीला मागच्या खोलीत घेऊन गेल्या तेव्हा बापूजींनी खिशातून मोबाइल काढला आणि ठाणेदारांना लावला.

"बोला अध्यक्ष!" साहेब खुशीत होते. "उद्याची तयारी झाली ना? हारतुरे जास्त नको बरं का."

"उद्याचं राहू द्या साहेब. आत्ता या. गाडी घेऊन या."

"का हो, काय झालं?"

बापूजी दाराजवळ गेले. ओट्यावर नीट ऐकू जाईल अशा, चौकातल्या आवाजात म्हणाले,

"आमच्या गावात तंटा हाय."