फाटकावरच्या माणसाची मुलगी

बाबांना नोकरीवरून काढलं तेव्हा ती शाळेत होती. कोट घातलेला एक माणूस कंपनीच्या फाटकातून ताठ मानेने आत गेला आणि दोन लॅपटॉप काखोटीला मारून बाहेर पडला. फाटकावर पहाऱ्याला असलेल्या बाबांनी त्याचं ओळखपत्र मागितलं नाही. मागतील कसे? आदल्याच आठवड्यात एका पाहुण्याला अडवलं म्हणून मॅनेजरने त्यांची चारचौघांत खरडपट्टी काढली होती. चोरी झाल्यावर तोच मॅनेजर हात झटकून मोकळा झाला. बाबांना तोंड उघडायलाही मिळालं नाही.

तिने तो राग बारा वर्षं जपला. आता कंपन्या तिलाच कामाला लावत होत्या: आमच्या माणसांना फसवून दाखव, म्हणजे कच्चे दुवे कळतील. बाबांची जुनी कंपनी वाट्याला आली आणि मॅनेजर अजून तोच आहे हे कळलं, तेव्हा तिला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बाबा तिथे कामाला होते हे कंपनीला आधीच सांगायला हवं होतं, पण तिने अवाक्षर काढलं नाही.

पहिल्या दिवशी ती दोन्ही हातांत खोकी घेऊन फाटकाशी गेली. पोरीचे हात भरलेत म्हणून पहारेकऱ्याने बिचाऱ्याने दार उघडून धरलं. काम फत्ते! पण हे अहवालात गेलं तर पहारेकरी घरी बसणार आणि मॅनेजर पुन्हा नामानिराळा. तिने ते पान टराटरा फाडलं.

मग थेट मॅनेजरला फोन लावला. खालच्यांवर डाफरणारा हा गडी वरच्यांपुढे शेपूट हलवणार, हे तिने ताडलं होतं.

"मुख्य कार्यालयातून बोलतेय. तुमचं खातं बंद पडतंय. पासवर्ड देताय, की संचालकांना सांगू?"

"छे छे मॅडम, त्यांना कशाला! घ्या ना लिहून."

संचालकांच्या बैठकीत तिने त्या फोनचं रेकॉर्डिंग ऐकवलं. कोणी न सांगता दुसऱ्यांदाही ऐकवलं. मॅनेजरचा चेहरा पांढराफटक पडला.

"अहो, चुकलो. मला बोलू तर द्या!"

"माझे बाबा तुमच्या फाटकावर होते," ती म्हणाली. "त्यांनाही बोलायचं होतं."

घरी येऊन तिने सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. बाबा पोटभर हसले. मग एकदम थांबले.

"त्याला मुलगी आहे का गं?"

"मला काय ठाऊक?"

"विचारून ठेव," बाबा म्हणाले. "उद्या तुलाही फोन येईल."