पुतळाची शेपटीवाली खूण

"सही कर ना मावशी. दोन ओळींचा तर कागद आहे."

दिपेशने तिसऱ्यांदा पेन पुढे केलं. पुतळाने ते घेतलं नाही. दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात खुपसून ती तशीच उभी राहिली. कागदावर टाईप केलेलं होतं, 'माझ्या निष्काळजीपणामुळे स्क्रू सैल राहिले. मला चूक मान्य आहे.' खाली तिचं अख्खं नाव, पुतळा कान्हा पाटील, आणि सहीला कोरी जागा.

"निष्कालजी? मी?" ती म्हणाली. "एकवीस वर्सं झाली मना या लाईनवर. तू तवा शालेत होतास."

"मी लिहिलंय का ते? वरून आलंय. दोन वाजता लिफ्टवाल्यांची इंजिनीअर येतेय. तिला कागद दाखवला की विषय संपला. तुला एक वॉर्निंग मिळेल, बस. टेन्शन नको घेऊस, आमी सांभाळून घेऊ."

"नाय करनार, सर."

तिने 'सर' म्हटल्याबरोबर दिपेशने पेन मागे घेतलं. एरवी ती त्याला नावाने हाक मारायची. दिघ्यातला हा पोरगा डिप्लोमा करून सुपरवायझर झाला, तेव्हा पेढा तोंडात घालून पाठीत धपाटा घालणारी हीच. तिने 'सर' म्हटलं की समजायचं, बाईचं डोकं फिरलं.

महाप्याच्या त्या कारखान्यात लिफ्टचे कंट्रोल पॅनल बनायचे. लोखंडी पेटीत पट्ट्या, पट्ट्यांवर तारा आणि प्रत्येक तारेवर एक स्क्रू. एका पॅनलला बावन्न. द्रोणागिरीच्या एका नव्या टॉवरमध्ये लिफ्ट मधेच अडकली आणि डायलिसिसहून परतणारी एक म्हातारी चाळीस मिनिटं आत बसून होती. पॅनल उघडला तर स्क्रू सैल, तार काळी पडलेली. मग त्या टॉवरला गेलेल्या लॉटचे तेवढे सगळे तपासले. अकरा पॅनल परत आले आणि अकराही पुतळाचे निघाले.

पुतळाचे कसे, तर खुणेवरून. स्क्रू आवळला की त्यावर लाल मार्करने रेघ ओढायची, म्हणजे हा झाला. लाईनवरच्या बाकी बाया सरळ रेघ मारायच्या. पुतळाच्या रेघेला शेवटी एक शेपूट यायचं. पहिल्या वर्षी हात थरथरायचा म्हणून ते आलं आणि पुढे तिने ते मुद्दामच ठेवलं. आपण केलेलं आपल्याला ओळखू यायला हवं, एवढाच तिचा हट्ट.

आता त्या शेपटानेच घात केला होता.

जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरची जाहिदा तिच्याजवळ सरकली. जाहिदा पनवेलकडची, दहा वर्षं दोघींचा डबा एकत्र.

"पुतळाताई, स्क्रू आवळायचं बिट सगळ्यांच्या हातात तेच होतं. माझेही सैल असतील, कुणाला माहीत. तुझी खूण वेगळी म्हणून तू सापडलीस. उद्यापासून तूपण सरळ रेघ मार आणि मोकळी हो."

"आनि कोनाचा नाव लावनार मंग? तुजा?"

जाहिदाने घास तसाच हातात धरला. पुतळालाही बोलल्याचं वाईट वाटलं. तिने आपल्या डब्यातली सुकटीची चटणी मुकाट्याने जाहिदाच्या डब्यात वाढली.

दोष बिटाचाच होता, हे लाईनवरच्या पोरीसोरींनाही ठाऊक होतं. वरून टांगलेल्या गनच्या तोंडात बोटाच्या पेराएवढं बिट बसतं, त्याच्या चार पाकळ्या स्क्रूच्या खाचेत जातात आणि पुढचं सगळं त्या चार पाकळ्यांच्या जिवावर चालतं. घरचा पंखा असो, शेजारणीचा मिक्सर असो की लिफ्ट असो, बिट कडक पाहिजे. पुतळाला हे कुणी शिकवलं नव्हतं. गावात कुणाच्या शेगडीचा कान ढिला झाला, कुणाच्या कपाटाचं दार लोंबलं की बाया तिलाच हाक मारायच्या.

चांगलं बिट खाच धरून ठेवतं आणि हवा तेवढा जोर लागला की गन 'टक' करून थांबते. मऊ लोखंडाच्या बिटाच्या पाकळ्या झिजतात. मग ते खाचेतून निसटतं, 'टर्र' करतं आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतं. वरून बघणाऱ्याला वाटतं, आवळला. जुलैपासून स्टोअरमध्ये स्वस्तातली बिटं आली. जुनं बिट आठवडा जायचं, हे जेवणाच्या सुट्टीपर्यंत टर्र करायला लागायचं. पुतळा दोनदा स्टोअरच्या खिडकीशी जाऊन भांडली. दोन्ही वेळा तिला त्याच पाकिटातलं दुसरं बिट मिळालं, वर "मावशी, हात जरा हलका ठेव" हा शहाणपणाही.

पण एक गोष्ट ती जाहिदाला बोलली नव्हती. टर्र तिने ऐकलं होतं. ऐकूनही, पट्टा पुढे सरकतोय, मागे ढीग साचतोय म्हणून तिने मार्कर उचलला होता आणि शेपटीवाली खूण केली होती. एकदा नाही, पुष्कळदा. त्या म्हातारीचं ऐकल्यापासून तिला जेवण गोड लागत नव्हतं.

पावणेदोनला तिला केबिनमध्ये बोलावणं आलं. मॅनेजर साहेब गोड बोलत होते.

"पुतळाबाई, कंपनीचं नाव खराब होतंय. तुम्ही घरच्यासारख्या."

"घरच्यासारखी हाय तर मना कोरा कागद द्या, साहेब. मी लिवते."

साहेबांनी दिपेशकडे बघितलं. दिपेशने प्रिंटरमधला एक कागद काढून दिला. पुतळा सातवी शिकलेली. टेबलाशी वाकून, एकेक अक्षर गिरवल्यासारखं करत तिने लिहिलं आणि मग मोठ्याने वाचून दाखवलं.

"अकरा पॅनलवरची खूण माझी आहे. बिट घसरत होतं हे मला कळत होतं तरी मी खूण केली. ही माझी चूक. बिट खराब आहे हे मी स्टोअरला दोनदा सांगितलं, पुन्हा तेच बिट मिळालं. ही माझी चूक नाही."

साहेबांचा चेहरा उतरला. "पहिल्या तीन ओळी छान आहेत. शेवटच्या दोन काढून टाका."

"का?"

"त्यांची गरज नाही."

"मना हाय."

"बाई, हा कागद असाच बाहेर गेला तर मी तुम्हाला लाईनवर बसवू शकणार नाही. पॅकिंगला जावं लागेल. विचार करा."

पॅकिंग म्हणजे दिवसभर खोक्यांना चिकटपट्ट्या लावणं. हातात गन नाही आणि खूणही नाही. गावात कुणी विचारलं तर ती छाती ठोकून सांगायची, मी लिफ्टचे पॅनल बनवते. यापुढे काय सांगायचं, हे तिच्या मनात येऊन गेलं, नाही असं नाही.

"माज्या वाट्याचा मी लिवलाय," ती म्हणाली. "तुमच्या वाट्याचा पन माज्या अंगावर घालाल, तर ता नाय जमनार."

तिने खाली सही ठोकली. लपेटदार, अख्ख्या नावाची.

तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि लिफ्टवाल्यांची इंजिनीअर आत आली. मनस्वी तिचं नाव. साहेब उठून खुर्ची देईपर्यंत पुतळाने कागद सरळ तिच्या हातात दिला. मनस्वीने उभ्याउभ्याच तो दोनदा वाचला.

"बिट दाखवाल?"

पुतळाने ॲप्रनच्या खिशातून सकाळचंच बिट काढून तिच्या तळहातावर ठेवलं. मनस्वीने ते उजेडात फिरवून पाहिलं. पाकळ्या गोल झाल्या होत्या, चोखलेल्या गोळीसारख्या गुळगुळीत.

"जुलैपासूनचा सगळा माल तपासायचा," मनस्वी साहेबांना म्हणाली. "सगळ्यांच्या टेबलांवरचा. हे अकरा आजच, चांगल्या बिटाने, माझ्यासमोर."

"आजच्या आज कोण..."

"मी," पुतळा म्हणाली. "माजे हायत."

"ठीक आहे. उद्यापासून मात्र पॅकिंग," साहेबांनी खाली मान घालूनच सांगितलं. मनस्वीने कागदाची घडी करून आपल्या फाइलीत ठेवली. कुणाला कुठे बसवायचं, हा तिच्या अखत्यारीतला विषय नव्हता.

दिपेश बाईक काढून कोपरखैरण्याला गेला आणि हार्डवेअरच्या दुकानातून चांगल्या बनावटीची बिटं घेऊन आला. पाकीट देताना त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं. "मावशी, मी काय करू शकत होतो?" एवढंच पुटपुटला.

"गन सेट कर," ती म्हणाली. "दिपेश."

खाल्लेल्या डोक्याचे स्क्रू तिने पकडीने उपटून काढले, नवे बसवले. टक. टक. टक. मनस्वी शेजारी स्टुलावर बसून मोजत होती. शिफ्ट सुटायची वेळ झाली तशी बाकीच्या गना थांबल्या, बाया चपला घालून बाहेर पडू लागल्या. जाहिदा तेवढी पिशवी काखेत मारून घुटमळत राहिली.

"पुतळाताई, चल. बस सुटेल."

"सुटूंदे."

"अगं, उद्या तुला हितं बसायचं पण नाही. कोणासाठी करतेस एवढं?"

पुतळाने मनगटाने कपाळाचा घाम पुसला. दहावा पॅनल पुढे ढकलला आणि अकरावा दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढून घेतला.

"सरक जरा," ती म्हणाली, "उजेड आडवतीस. आजून बावन्न हायत."