मग निस्तरणार कोण?

गोल्फच्या त्या व्हिडिओ गेममध्ये आधी आपला खेळाडू घडवावा लागतो. मोजके पॉइंट मिळतात. ते ताकदीत घाला, नेमात घाला, वाळूतून चेंडू काढण्यात घाला, नाहीतर शेवटच्या हलक्या टोल्यात. सगळीकडे पुरत नाहीत, आणि एकदा पक्के केले की बदलता येत नाहीत.

दादाचं ठरलेलं होतं, सगळे पॉइंट ताकदीत. दिवसभर चष्म्याच्या दुकानात जपून काचा घासणारा हा माणूस घरी आला की बेफाम सुटायचा. चेंडू आभाळात जायचा आणि हमखास वाळूच्या खड्ड्यात पडायचा. जोडीचा खेळ, चेंडू एकच, आळीपाळीने मारायचा; त्यामुळे खड्ड्यातून तो काढायची चिमी, त्याची धाकटी बहीण. जिंकले की दादा म्हणायचा, "बघितलास माझा फटका?"

गेमची नवी आवृत्ती आली की खेळाडू नव्याने घडवायचा. दर वेळी चिमी विचारायची, "दादा, या वेळी मी लांब मारू?"

"मग निस्तरणार कोण?"

तो हसायचा, तीही हसायची आणि मुकाट्याने वाळूत पॉइंट घालायची.

लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली, तरी रविवारी दोघं ऑनलाइन खेळत. मागच्या आवृत्तीला मात्र तिने काही विचारलंच नाही. यंदा वेळ नाही, एवढंच म्हणाली. दादा एकटा खेळला आणि वाळूत त्याच्या नाकी नऊ आले. एकदा खड्ड्यात नुसती वाळू उपसताना त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं ती हेच करत होती. एकदा तरी तिला मारू द्यायला आपलं काय जात होतं? त्याला स्वतःची लाज वाटली.

म्हणून आज नवी आवृत्ती येताच त्याने ताकदीत एकही पॉइंट घातला नाही. सगळे वाळूत. पक्के केले आणि फोन लावला.

"चिमे, या वेळी तू लांब मार. मी निस्तरतो."

"अरे दादा, मी खेळतेय की. मागच्या वेळेपासूनच. ह्याच्याबरोबर."

ह्याच्याबरोबर म्हणजे नवऱ्याबरोबर. ज्याला टीव्हीचा रिमोट धड वापरता येत नव्हता, तो.

"त्याला जमतं?"

"कुठलं जमतंय. वाळूत पडलो की हसून हसून पुरेवाट होते. पण पहिल्याच दिवशी म्हणाला, तू मार लांब, मी आहे मागे." मग हळूच म्हणाली, "तुला वाईट वाटेल म्हणून वेळ नाही म्हटलं."

म्हणजे तेही तिनेच निस्तरलं होतं.

"बरं केलंस," दादा म्हणाला, अगदी मनापासून. "किती लांब जातो गं तुझा चेंडू?"

"तुझ्यापेक्षा लांब."

फोन ठेवून तो एकटाच खेळायला बसला. पहिला फटका मारला, चेंडू जवळच गवतात पडला. पुन्हा मारला. वाळूचा खड्डा पुढे दिसत होता, पण तिथपर्यंत चेंडू पोचतच नव्हता.