आभाळातल्या गाडीत कोण बसलं?

नागपूरच्या मनीषनगरात प्रेमिलाबाईंच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू अगदी रंगात आलं होतं. यंदा वाण म्हणून त्यांनी सिंगापुराहून आणलेल्या कीचेन वाटायला काढल्या होत्या. वाण परदेशातलं म्हटल्यावर गप्पाही तिथल्याच निघाल्या.

गॅलरीत त्यांचे यजमान मनोहरराव शेजारच्या कृष्णकांतांना सांगत होते, "गाडी वर चढते, चढते, आन् एकदम खाली सुटते! पोटातला जीव टाळूले लागते. असं वाटते का कोणी सुपात घालून पाखडून राहिलं आपल्याले!"

हळद लावता लावता प्रेमिलाबाईंचं बोट थबकलं. सुपाचं बोलणं त्यांचं स्वतःचं होतं. मनोहररावांनी जन्मात कधी सूप हाती धरलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत जितेंद्रनं, त्यांच्या मुलानं, सगळ्यांना सिंगापूरच्या एका जगप्रसिद्ध करमणूक पार्कात नेलं होतं. दीड तास रांगेत उभं राहून उलटसुलट फिरणाऱ्या रोलरकोस्टरच्या गाडीपाशी सगळे पोचले, आणि मनोहररावांना एकाएकी आठवलं की बीपीची गोळी घ्यायची राहिली. बाजूच्या दारातून ते असे निसटले की जणू मांजर पाहिलेला उंदीर. नातू विहंगच्या शेजारी जागा रिकामी. निव्वळ सोबतीला रांगेत आलेल्या प्रेमिलाबाईंनी ओढणी कमरेला कसली आणि बसल्या.

"नागपुरात सांगू नको वं," ते नंतर हळूच म्हणाले होते. त्यांनीही नाही सांगितलं. दोन महिने नवरा त्यांच्याच शब्दांत त्यांच्याच गाडीत बसत राहिला आणि त्या गालात हसत राहिल्या.

"आणि प्रेमिलाताई कशात बसल्या?" हळदीकुंकवाला आलेल्या लतिकाताईंनी गॅलरीकडे पाहून विचारलं.

"थे?" मनोहरराव हसले. "थे खाली बॅगा सांभाळून राहिली होती. भेकड आहे जराशी."

भेकड! प्रेमिलाबाईंनी हळदीकुंकवाचा करंडा खाली ठेवला.

"काहून वं बायांनो, यंदा कोणी मले नाव घे म्हणून राहिलं नाही?"

"घ्या, घ्या!" एकच गलका झाला. प्रेमिलाबाईंनी गॅलरीकडे तोंड केलं आणि खणखणीत आवाजात म्हटलं,

"सिंगापूरच्या आभाळात गाडी झाली उलटी,
पाळी आली तेव्हा कोणी मारली बरं पलटी?
मी बसले नातवासंगं जीव मुठीत धरून,
मनोहरराव टाटा करून राह्यले खालून!"

क्षणभर कोणाला उमगलंच नाही. मग असा हशा उसळला की कृष्णकांतांना तिळाच्या लाडवाचा ठसका लागला. "गेटातूनच वापस आले का गा, मनोहरराव?" त्यांनी ठसकतच विचारलं.

मनोहररावांचे कान लालबुंद झाले.

"आता तुम्ही घ्या नाव!" लतिकाताईंनी त्यांना उंबऱ्यापर्यंत ओढत आणलं. सुटका नाही म्हटल्यावर त्यांनी डोकं खाजवलं, जमिनीकडे पाहिलं, आणि अडखळत म्हणाले,

"बायको गेली आभाळात, खाली मोजले फेरे,
प्रेमिला उतरली तेव्हा श्वास घेतला, हे खरे."

"अगंबाई!" बायका म्हणाल्या. मनोहरराव तिथेच उंबऱ्याजवळ टेकले. "आता तूच सांग वं. मले तरी कुठं पुरतं ठाऊक आहे? वर काय दिसलं?"

प्रेमिलाबाई त्यांच्याजवळ येऊन बसल्या. पोटातला जीव, टाळू, सूप, सगळं नवऱ्यानं वापरून जुनं करून टाकलं होतं. पण एक गोष्ट त्यांनी त्यालाही सांगितली नव्हती.

"अगदी वर गेली ना गाडी, का घडीभर थांबते," त्या म्हणाल्या. "समुद्र दिसते, जहाजं दिसते. मी खाली पाहिलं तं तुमी दिसले. येवढुसे. तुरीच्या दाण्यायेवढे. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी वर आन् तुमी खाली! मी विहंगले म्हटलं, बापू, ह्या गाडीवाल्याले सांग ना, अजून थोडी थांबव म्हणा."